पाच ऑलिंपिक, तीन जोडीदार: अल्योना सावचेंकोच्या कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात रोलर स्केटिंग शिकवते. विजापूर रोडच्या बाजूला सिमेंटचं एक रिंगण आहे, तिथे पहाटे साडेपाचला आमचा वर्ग भरतो, कारण एप्रिल-मेमध्ये नऊनंतर त्या सिमेंटवर तळहात टेकवत नाही. वर्गातल्या मुली मोबाइलवर बर्फावरचं जोडी स्केटिंग बघतात आणि मग त्यांचे आईवडील मला गाठून प्रश्न विचारतात. बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच खेळाडूपाशी येतात. याला कारण मीच आहे, वर्गात तिचं नाव मी सारखं घेत असते. म्हणून तेच ते प्रश्न आणि माझी उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

ही अल्योना सावचेंको नेमकी कोण?

जोडी फिगर स्केटिंगमधली ऑलिंपिक विजेती. जन्म १९ जानेवारी १९८४, युक्रेनमधल्या कीव्हजवळच्या ओबुखिव्ह गावचा. ती पाच ऑलिंपिक खेळली: २००२ सॉल्ट लेक सिटी, २००६ तुरीन, २०१० व्हँकुव्हर, २०१४ सोची आणि २०१८ प्योंगचांग. पहिल्या खेपेला पंधरावी आली, दुसऱ्या खेपेला सहावी, मग दोनदा कांस्य, आणि पाचव्या खेपेला, वयाच्या ३४व्या वर्षी, सुवर्ण. जागतिक विजेतेपदं सहा. त्यातली पाच (२००८, २००९, २०११, २०१२, २०१४) रॉबिन झोल्कोव्हीबरोबर आणि सहावं २०१८ मध्ये ब्रुनो मासोबरोबर. मार्च २०१८ मध्ये मिलानला ते सहावं विजेतेपद जिंकल्यावर ती पुन्हा स्पर्धेत उतरली नाही.

जोडी स्केटिंग आणि आइस डान्स एकच ना?

नाही. दोन्हींत एक मुलगा आणि एक मुलगी असते, पण आइस डान्समध्ये मुलीला डोक्यावर उचलत नाहीत, फेकत नाहीत, आणि तीन-तीन गिरक्यांच्या उड्याही नसतात. तिथे पावलं, ताल आणि दोघांमधलं अंतर बघतात. जोडी स्केटिंगमध्ये हे सगळं तर लागतंच, शिवाय जीव टांगणीला लावणारे प्रकार असतात.

ते जीव टांगणीला लावणारे प्रकार कोणते? उचलायला ताकद लागते, एवढंच ना?

चार प्रकार ओळखायला शिकलात तर बघायला मजा येईल. लिफ्ट, म्हणजे मुलगा मुलीला डोक्यावर उचलून बर्फावरून गिरक्या घेत जातो. ट्विस्ट लिफ्ट, म्हणजे तो तिला वर उडवतो, ती हवेत आडवी गिरक्या घेते आणि तो पुन्हा झेलतो. थ्रो, म्हणजे तो तिला पुढे फेकतो, ती हवेत दोन-तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरते, आणि तेव्हा तिला धरायला कोणी नसतं. डेथ स्पायरल, म्हणजे मुलगा एका जागी टोक रोवून फिरतो आणि मुलगी त्याच्या एका हाताला धरून बर्फाला जवळजवळ डोकं लागेल इतकी खाली झुकून त्याच्याभोवती फिरते. याखेरीज दोघांनी शेजारी-शेजारी एकाच क्षणी मारायच्या उड्या आणि गिरक्या असतात त्या वेगळ्याच.

लिफ्ट समजवायची तर मी पालकांना नंदीध्वजाची आठवण करून देते. संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घातलेले मानकरी ती उंच काठी पेलून चालतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. यात्रेच्या कितीतरी आधीपासून त्याचा सराव चालतो. पेलणाऱ्याची नजर टोकाकडे असते, गर्दीकडे नाही. काठी जराशी कलली की हात आधी हलत नाही, पाऊल हलतं, कंबर हलते. लिफ्टमध्ये मुलाला अगदी हेच करावं लागतं. फरक इतकाच की त्याच्या पायाखाली जमीन नाही. चार-एक मिलिमीटर रुंदीचं पातं आहे, ते घसरतंय, आणि घसरता घसरता तो स्वतः गोल फिरतोय. त्याला जास्तीत जास्त साडेतीन गिरक्या घेता येतात, त्यापुढे नियम आडवा येतो.

आणि वरची मुलगी काठी नसते. लोकांच्या हे लक्षातच येत नाही. ती सैल पडली तर कितीही ताकदवान मुलगा तिला पेलू शकत नाही. पोट आवळलेलं, खांदे दाबलेले, हाताचं कोपर सरळ, आणि श्वास त्याच्या श्वासाबरोबर. आमच्या वर्गात मुली जमिनीवर सतरंजीवर पालथ्या पडून, हातपाय उचलून दोन-दोन मिनिटं तशाच राहतात, ते त्यासाठीच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना रडू येतं. उचलण्याचं निम्मं काम वरच्याचं असतं.

ती युक्रेनची की जर्मनीची?

जन्माने आणि सुरुवातीच्या कारकिर्दीने युक्रेनची, २००३ नंतर जर्मनीची. आंतरराष्ट्रीय स्केटिंगमध्ये दोघांपैकी एकजण त्या देशाचा नागरिक असला तरी जागतिक स्पर्धेत चालतं, ऑलिंपिकला मात्र दोघांकडेही त्याच देशाचं नागरिकत्व लागतं. तिला जर्मन नागरिकत्व मिळालं २००५च्या डिसेंबरअखेर, म्हणजे तुरीन ऑलिंपिकच्या जेमतेम दीड महिना आधी.

तिने इतके जोडीदार का बदलले? एकाशी पटलं नाही म्हणून दुसरा, असं होतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, बहुतेकदा आवाज थोडा खाली करून. म्हणून सविस्तर सांगते.

युक्रेनमध्ये तिचा महत्त्वाचा जोडीदार होता स्तानिस्लाव मोरोझोव्ह. दोघांनी २००० साली ज्युनिअर जागतिक विजेतेपद जिंकलं. स्पर्धा जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फला होती, आणि अठरा वर्षांनी याच गावात सराव करून ती ऑलिंपिक सुवर्णापर्यंत पोहोचली. सॉल्ट लेक सिटीनंतर मोरोझोव्हची दुखापत मध्ये आली आणि जोडी तुटली. ती तेव्हा अठरा वर्षांची होती. जोडी स्केटिंगमध्ये जोडीदार नसणं म्हणजे मागच्या चाकाशिवायची सायकल. उड्यांचा सराव करता येतो, व्यायाम करता येतो, पण खरा खेळ हातात नसतो.

तेव्हा जर्मनीत केमनिट्झला रॉबिन झोल्कोव्हीही जोडीदाराच्या शोधात होता. ती २००३ मध्ये सगळं सोडून तिकडे गेली. भाषा येत नव्हती. प्रशिक्षक होते इंगो श्टॉयर, स्वतः १९९७चे जागतिक विजेते आणि १९९८च्या नागानो ऑलिंपिकचे कांस्यविजेते. ही जोडी अकरा वर्षं टिकली. पाच जागतिक विजेतेपदं, चार युरोपीय विजेतेपदं (२००७, २००८, २००९, २०११) आणि दोन ऑलिंपिक कांस्यं. अकरा वर्षं एकाच माणसाच्या हातावर विश्वास टाकून हवेत जाणाऱ्या मुलीला चंचल कसं म्हणायचं?

आता पुढची गोष्ट ऐका. तिचा जुना जोडीदार मोरोझोव्ह पुढे तात्याना व्होलोसोझार या मुलीबरोबर युक्रेनकडून खेळला. २०१० मध्ये त्याने खेळ थांबवला, व्होलोसोझार रशियाच्या मॅक्सिम त्रान्कोव्हबरोबर गेली आणि मोरोझोव्ह त्या नव्या जोडीच्या प्रशिक्षकांपैकी एक झाला. २०१२च्या नीसमधल्या जागतिक स्पर्धेत सावचेंको-झोल्कोव्हीने या जोडीला अवघ्या ०.११ गुणांनी मागे टाकलं. दोन वर्षांनी सोची ऑलिंपिकला मात्र व्होलोसोझार-त्रान्कोव्हने सुवर्ण नेलं आणि सावचेंकोच्या हाती कांस्य आलं. म्हणजे तिच्या पहिल्या मोठ्या जोडीदाराने घडवलेली जोडी तिच्या पुढे उभी होती. आणखी चार वर्षांनी झोल्कोव्ही प्योंगचांगला आला तो रशियाच्या तारासोव्हा-मोरोझोव्ह जोडीच्या प्रशिक्षकांमध्ये (हा व्लादिमिर मोरोझोव्ह, आधीचा तो नव्हे). तिथे सावचेंको जिंकली आणि ती जोडी चौथी आली. यात कोणी कोणाला दगा दिलेला नाही. हे जग लहान आहे, सगळे एकमेकांच्या हातांची पकड ओळखतात.

आणि जोडीदार बदलून मोठी झालेली ती काही पहिलीच नाही. सोव्हिएत संघाच्या इरिना रोदनिनाने १९७२चं ऑलिंपिक सुवर्ण अलेक्सेई उलानोव्हबरोबर जिंकलं. मग उलानोव्ह प्रतिस्पर्धी जोडीतल्या ल्युदमिला स्मिर्नोव्हाबरोबर खेळायला गेला. रोदनिनाने अलेक्सांद्र झैत्सेव्ह हा नवा जोडीदार घेतला आणि त्याच्याबरोबर १९७६ आणि १९८०ची सुवर्णं जिंकली. दोघांबरोबर मिळून सलग दहा जागतिक विजेतेपदं, १९६९ ते १९७८. झैत्सेव्हबरोबरच्या पहिल्याच जागतिक स्पर्धेत, १९७३ साली ब्रातिस्लाव्हात, मध्येच संगीत बंद पडलं. दोघं थांबले नाहीत, नुसत्या पात्यांच्या आवाजावर कार्यक्रम पूर्ण केला आणि जिंकले. मी हे वर्गात सांगितलं की मुली स्पीकर बंद करायला लावतात आणि तसं करून बघतात.

सोचीनंतर तिने थांबायला हवं होतं असं नाही वाटत? तिशी आली होती.

तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. सोचीला ती दुसऱ्या स्थानावरून फ्री स्केटला, म्हणजे स्पर्धेतल्या दुसऱ्या, लांब कार्यक्रमाला उतरली होती. आधी झोल्कोव्ही एका उडीवर पडला. मग अगदी शेवटी दोघांनी थ्रो ट्रिपल ॲक्सल घेतला, त्यात साडेतीन गिरक्या असतात. ती पडली. कार्यक्रमाचा शेवटच पडण्यावर झाला. महिनाभराने जपानमध्ये सायतामाला त्यांनी पाचवं जागतिक विजेतेपद जिंकलं आणि झोल्कोव्हीने खेळ सोडला. घरी बसायला यापेक्षा चांगली वेळ कोणती?

तिने त्याच वर्षी ब्रुनो मासोबरोबर नव्याने सुरुवात केली. मासो फ्रान्सचा, काँ शहरातला, तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. जर्मनीकडून खेळायचं तर फ्रान्सच्या संघटनेने त्याला मोकळं करायला हवं होतं, आणि ते होता होता २०१५चा ऑक्टोबर उजाडला. २०१४-१५चा अख्खा हंगाम दोघांनी एकही आंतरराष्ट्रीय स्पर्धा न खेळता काढला. शेवटी सुटकेसाठी ३०,००० युरो मोजावे लागले. रोज पहाटे उठायचं, पडायचं, उठायचं, आणि समोर स्पर्धेची तारीखच नाही. मला त्या काळाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो. पदकं जिंकतानाचे तिचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, या वर्षाचे कोणी बघितले नसतील.

आणि हे झाल्यावर मासोपुढे दुसरी परीक्षा, अक्षरशः परीक्षाच. नागरिकत्वासाठी जर्मन भाषेची चाचणी. आधी तो नापास झाला. पास होऊन नागरिकत्व हातात पडलं नोव्हेंबर २०१७ मध्ये, ऑलिंपिक अडीच महिन्यांवर असताना. भाषेच्या पेपरात परत बसावं लागलं असतं तर ३०,००० युरो आणि तीन वर्षं दोन्ही पाण्यात.

प्योंगचांगला नेमकं काय झालं? चौथे असताना पहिले कसे आले?

शॉर्ट प्रोग्रामला, म्हणजे पहिल्या, छोट्या कार्यक्रमाला मासोची एक उडी फसली. तीन गिरक्यांच्या जागी दोनच झाल्या. गुण ७६.५९, स्थान चौथं. चीनची सुई वेनजिंग आणि हान कोंग ही जोडी ८२.३९ गुणांवर पहिली. म्हणजे ५.८० गुणांचा खड्डा. या खेळात तो मोठा असतो.

दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारी २०१८ला, फ्री स्केट. शेवटच्या चार जोड्यांत यांचा नंबर पहिला, यांच्यानंतर आणखी तीन जोड्या. कार्यक्रम बसवला होता क्रिस्तोफर डीन यांनी, जेन टॉर्व्हिलबरोबर १९८४चं आइस डान्सचं सुवर्ण जिंकणाऱ्या. तो कार्यक्रम मी किती वेळा बघितला असेन याचा हिशेब नाही. सुरुवातीचा ट्विस्ट बघा. ती इतकी वर जाते की मासोला तिची वाट बघायला वेळ मिळतो. थ्रोनंतर ती उतरते तेव्हा पातं बर्फावर खरवडत नाही, नुसतं सरकतं. पुढे साडेचार मिनिटं संपेपर्यंत दोघांच्या चेहऱ्यावर कुठेही मोजणी दिसत नाही. आता हे, मग ते, असा हिशेब प्रत्येक स्केटरच्या तोंडावर थोडा तरी दिसतोच.

गुण मिळाले १५९.३१, त्या वेळचा विश्वविक्रम. दोन्ही कार्यक्रमांची बेरीज २३५.९०. आणि मग वाट बघणं. बाकीच्या तीन जोड्या एकेक करून उतरल्या. सुई-हानच्या छोट्या चुका झाल्या आणि त्यांची बेरीज आली २३५.४७. फरक ०.४३. जर्मनीला जोडी स्केटिंगचं ऑलिंपिक सुवर्ण यापूर्वी मिळालं होतं १९५२ मध्ये, रिया आणि पॉल फाल्क या नवरा-बायकोला.

पुढच्याच महिन्यात मिलानला त्यांनी फ्री स्केटचा स्वतःचाच विक्रम मोडला: १६२.८६. एकूण गुण २४५.८४.

गुण कसे देतात? आम्हाला तर सगळे सारखेच दिसतात.

प्रत्येक प्रकाराला अवघडपणानुसार ठरावीक गुण असतात. तो किती चांगला केला यावर नऊ परीक्षक त्यात भर घालतात किंवा वजा करतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा काढून टाकून बाकीच्यांची सरासरी घेतात. कार्यक्रमाच्या एकूण दर्जाचे गुण वेगळे. पडल्यावर एक गुण जातो, दोघं पडले तर दोन. २०१८-१९च्या हंगामापासून भर-वजा करण्याची पट्टी तीनवरून पाचवर नेली आणि जोड्यांचा फ्री स्केट साडेचार मिनिटांवरून चार मिनिटांवर आणला. त्यामुळे सावचेंकोच्या वेळचे आकडे आजच्या आकड्यांशी लावून बघू नका.

दुखापती किती होतात?

होतात. २०१६च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या स्पर्धेत थ्रो ट्रिपल ॲक्सलवरून उतरताना तिच्या घोट्याचा स्नायुबंध दुखावला, आणि जानेवारीत ती युरोपीय स्पर्धेत रौप्य जिंकत होती. चीनच्या झाओ होंगबोची टाच वर उचलणारी मोठी शीर ऑगस्ट २००५ मध्ये तुटली. फेब्रुवारी २००६ मध्ये तो शेन श्वेबरोबर ऑलिंपिक कांस्य घेऊन उभा होता आणि २०१० मध्ये, ३६ वर्षांचा असताना, सुवर्ण.

पण ही उदाहरणं मी मुलांना सांगत नाही, पालकांना सांगते, आणि पुढचं वाक्य जोडून सांगते: त्यांच्यामागे डॉक्टर होते, फिजिओ होते. आपल्या पोराचा घोटा सुजला तर आधी हाडाच्या डॉक्टरांकडे जा, मला फोटो पाठवून "मॅडम, उद्या येऊ का" असं विचारू नका.

सोलापुरात बर्फ कुठला? मग हे बघून उपयोग काय ओ, मॅडम?

बर्फ नाही, खरं आहे. आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. देशात डेहराडूनला मोठं बंदिस्त रिंगण आहे, २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलेलं. गुरुग्रामला एका मॉलमध्ये आहे. शिमल्याला १९२० पासून उघड्यावर नैसर्गिक बर्फाचं रिंगण चालतं, फक्त थंडीत. सोलापूरहून यातलं काहीच जवळ नाही.

पण चाकांवरही आर्टिस्टिक स्केटिंग असतं आणि त्यात जोडीचा प्रकारही असतो: लिफ्ट, थ्रो, डेथ स्पायरल, सगळं. हैदराबादच्या अनुप कुमार यामाने २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दोन कांस्यपदकं जिंकली, एक एकेरीत आणि एक अवनी पांचाळबरोबर जोडीत. हैदराबाद काही परदेश नाही, आपल्या सोलापूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, तेवढं खरं.

बर्फावरचं बघून चाकांवर काय शिकता येतं? कड. पात्याला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची, आणि सगळं सौंदर्य कोणत्या कडेवर किती झुकता यात असतं. आमच्या चार चाकांच्या स्केटलाही तसंच झुकवावं लागतं. सावचेंको उडीतून उतरल्यावर मागच्या बाजूला केवढा लांब वळसा घेते ते मी मुलींना सावकाश करून दाखवते. दुसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे आपोआप जास्त वाकलेले असतात.

मुलीला मुलाबरोबर जोडीत घालायचं म्हणजे... लोक काय म्हणतील?

हा प्रश्न विचारायला आयांना दोन-दोन महिने लागतात. तो विचारलेला मला आवडतो. माझे नियम असे: जोडीच्या सरावाला दोन्हीकडचं कोणीतरी रिंगणाच्या कडेला बसलेलं असतं. हात कुठे ठेवायचा हे मी आधी शब्दांत सांगते, मग जमिनीवर बूट घालून करून घेते, मग स्केटवर. मुलगी किंवा मुलगा "आज नको" म्हणाला तर त्या दिवशी तो प्रकार नाही, कारण विचारायचं नाही. तेरा वर्षांच्या आत डोक्यावरची लिफ्ट नाही. दोघांची नखं कापलेली हवीत, अंगठी, कडं, बांगडी काढलेली हवी, मनगटाला सुती पट्टी हवी.

ती पट्टी आमच्याकडे टॉवेलची असते. माझे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. कापून टाकलेले काठ ते घरी आणायचे, आई दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करून द्यायची. घाम टिपायला आणि पकड सुटू नये म्हणून तशी पट्टी बाजारात शोधूनही सापडत नाही. माझ्या मुली अजून तीच वापरतात.

लोकांचं म्हणाल, तर एकदा सकाळी येऊन सराव बघा. साडेसहापर्यंत दोघं घामाघूम होऊन एकमेकांना "तुझा डावा पाय उशिरा आला" म्हणून भांडत असतात. त्यात तुम्हाला काळजी वाटण्यासारखं काही दिसणार नाही.

किती खर्च येतो?

बर्फावरचा खर्च आपल्या मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही, आणि त्या स्वप्नापायी कर्ज काढू नका. चाकांवरच्या चांगल्या जोडीचा खर्च बुटांवर होतो. वाढत्या वयात पाय मोठा होतो, म्हणून वापरलेले बूट एकाचे दुसऱ्याला द्या. आमच्याकडे एक जोड चौथ्या मुलीच्या पायात आहे.

निवृत्तीनंतर हे खेळाडू काय करतात?

बहुतेक जण शो करतात आणि शिकवतात. झोल्कोव्ही प्रशिक्षक झाला, मासो प्रशिक्षक झाला, मोरोझोव्हचं वर सांगितलंच. सावचेंकोही शो आणि प्रशिक्षणाकडे वळली. २०१९ मध्ये तिला मुलगी झाली. रोदनिनाने तर १९७९ मध्ये मुलाला जन्म देऊन १९८०ला लेक प्लॅसिडमध्ये सुवर्ण जिंकलं, म्हणून "लग्न झालं, मूल झालं, आता काय" असं माझ्यासमोर म्हणू नये ही विनंती.

जोडीदार सोडून गेला तर काय करायचं?

हा प्रश्न गेल्या दिवाळीनंतर माझ्या वर्गातल्या एका आठवीतल्या मुलीने विचारला. तिच्या जोडीतल्या मुलाच्या वडिलांची बदली झाली होती.

माझंही असंच झालं होतं. साखर पेठेतला एक मुलगा आणि मी, चार वर्षं जोडी होतो. माझा हात त्याच्या तळहातात कुठे बसतो हे डोळे मिटून सांगता यायचं. बारावीनंतर तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. स्पर्धेला तीन आठवडे होते. तो स्टेशनवरून निघाला तेव्हा मी मनगटाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून डब्यात ठेवल्या आणि नंतर बराच काळ तो डबा उघडलाच नाही. दुसरा जोडीदार शोधायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही. मलाही सुचलं नाही. उलट तसं करणं म्हणजे त्याच्याशी बेइमानी, असं काहीतरी मनात होतं. जेव्हा मी सावचेंकोची गोष्ट वाचली, अठराव्या वर्षी जोडीदाराविना, एकोणिसाव्या वर्षी परक्या देशात, तिशीत पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि मुलांना शिकवत होते.

त्या मुलीला मी सांगितलं: एकेरीचा सराव थांबवायचा नाही. आरशासमोर जोडीचे हात चालू ठेवायचे, समोर कोणी नसलं तरी. वर्गातली दुसरी एखादी मुलगी घेऊन शेजारी-शेजारीच्या गिरक्या एका तालात करायच्या, म्हणजे कान दुसऱ्याच्या चाकांकडे राहतो. आणि जुन्या जोडीदाराला फोन करायचा, रागावायचं नाही, तो तिकडे कोणाबरोबर सराव करतो ते विचारायचं. शोधायचं काम माझं. मी पुण्याला, हैदराबादला, लातूरला, जिथे जिथे ओळखीचे प्रशिक्षक आहेत तिथे फोन केले. उंची, वय, कोणत्या पायावर उतरतो, पडल्यावर चिडतो का, एवढंच विचारत होते.

मागच्या आठवड्यात लातूरहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलगा नववीत आहे, डाव्या बाजूला फिरतो, म्हणजे आमच्या मुलीसारखाच. रविवारी सकाळी ते दोघं येतायत, पहिल्या एसटीने. मुलीला सांगितलंय, साडेसहाला ये, पट्ट्या धुऊन आण आणि नखं काप.